सहा महिने अधिक एकवीस दिवस: पागेतल्या श्वसनरोगांच्या लशी

नवा घोडा पागेत उतरला की त्याच्या पासपोर्टमधलं लसीकरणाचं पान आम्ही खालून वर नाही, वरून खाली वाचतो. मालकाचं बोट शेवटच्या नोंदीवर असतं: "तीन महिन्यांपूर्वीच दिलीय की." आमचं बोट पहिल्या तीन नोंदींवरून फिरतं. पहिला डोस कोणत्या तारखेचा, दुसरा त्यानंतर किती दिवसांनी, तिसरा किती महिन्यांनी. प्रत्येक नोंदीसमोर लशीचं स्टिकर, बॅच नंबर, डॉक्टरांची सही आणि शिक्का आहे ना, तेही पाहतो. एखाद्या ओळीत खाडाखोड असेल तर ती नोंद झालीच नाही असं धरून पुढचा हिशेब मांडतो.

शरीराचा हिशेब वेगळा आणि कागदाचा वेगळा. दहा वर्षं नियमित बूस्टर घेतलेल्या घोड्याच्या पहिल्या दोन डोसांमध्ये चार दिवस जास्त गेले असतील, तर त्याच्या शरीराचं त्यामुळे काहीही बिघडलेलं नसतं. पण शर्यतीच्या किंवा स्पर्धेच्या दारात उभा असलेला तपासनीस रक्त बघत नाही, तारखा बघतो. पाया चुकलेला निघाला तर मधली दहा वर्षं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या डोसापासून सुरुवात करावी लागू शकते. म्हणून हे वाचन घोडा आला त्याच दिवशी, प्रवासाचा कार्यक्रम ठरायच्या आधी.

"लस दर किती महिन्यांनी?" या प्रश्नाचं एका आकड्यात उत्तर मागणाऱ्याला आम्ही आधी उलट विचारतो, कोणत्या रोगाची? इन्फ्लुएन्झा, हर्पिस आणि स्ट्रँगल्स ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. तिन्हींत ताप येतो आणि नाक गळतं, म्हणून ती एका पिशवीत टाकली जातात. त्यांच्या लशींचं वागणं मात्र एकसारखं नाही.

सगळ्यात जास्त तारखा इन्फ्लुएन्झाच्या सांभाळाव्या लागतात. धनुर्वाताची लस एकदा नीट बसली की दोन वर्षं विचारत नाही, मग फ्लूचीच सहा महिन्यांत का संपते? कारण रोगाच्या वेगात आहे. विषाणू नाकातून शिरल्यावर एक ते तीन दिवसांत घोडा तापतो. शरीराला जुनी ओळख आठवून नव्याने अँटिबॉडी तयार करायला वेळच मिळत नाही. श्वासनलिकेच्या अस्तराचा ताबा तोवर विषाणूने घेतलेला असतो. म्हणजे पहारेकरी आधीपासून दारात उभे पाहिजेत, बोलावल्यावर येणारे उपयोगाचे नाहीत. आणि दारातली ही संख्या महिन्यागणिक घटते. प्रयोगशाळेत ती एसआरएच नावाच्या चाचणीने मोजतात. तांबड्या पेशी मिसळलेल्या जेलमध्ये घोड्याचं सीरम टाकतात आणि पेशी फुटून जो स्वच्छ गोल पडतो, त्याचं क्षेत्रफळ घेतात. लशीतला आणि बाहेर फिरणारा विषाणू जवळचे असतील तर साधारण १५० चौरस मिलिमीटरच्या वर घोडा बऱ्यापैकी सुरक्षित मानतात. त्याखाली ८५ च्या आसपास आजार सौम्य होतो, पण संसर्ग होतो आणि घोडा विषाणू पसरवतो.

लस टोचलेला घोडा खोकला नाही म्हणजे तो मोकळा आहे, असं म्हणूनच धरत नाही.

पहिल्या डोसाने दारात फार कोणी उभं राहत नाही. त्याचं काम नुसती ओळख करून देण्याचं. दुसरा डोस आम्ही चार ते सहा आठवड्यांनी देतो. बहुतेक लशींच्या पत्रकावर चार आठवडे किंवा चार ते सहा आठवडे असंच असतं. २१ दिवसांच्या आत दिला तर प्रतिसाद कमी आणि कागदही बाद. लांबवला तर शरीर फार रागावत नाही, पण नियमाची वरची मर्यादा ओलांडली की मालिका पहिल्यापासून. दुसऱ्या डोसानंतर दोन आठवड्यांनी अँटिबॉडी सर्वांत वर असतात, आणि खरी गोम इथून पुढे आहे. हा चढ टिकत नाही. तीन-चार महिन्यांत आकडा इतका उतरतो की काही घोड्यांच्या रक्तात जवळपास काहीच सापडत नाही. तिसरा डोस असतो पाच ते सहा महिन्यांवर. मधले ते दोन-तीन महिने घोडा कागदावर लस घेतलेला आणि प्रत्यक्षात उघडा. "लस दिली होती तरी फ्लू झाला" ही तक्रार घेऊन आलेल्या तरुण घोड्यांच्या नोंदी बघा, बरेचसे याच पोकळीत सापडतील.

ही पोकळी बुजवायचा सोपा उपाय नाही, तिची वेळ निवडता येते. पहिला डोस अशा बेताने धरायचा की दुसऱ्यानंतरचा चौथा-पाचवा महिना घोडा घरीच असेल. विक्रीला, प्रशिक्षणाला किंवा पहिल्या स्पर्धेला तो या महिन्यांत पाठवू नये. आणि ज्या लशीच्या पत्रकावर तिसरा डोस पाच महिन्यांनी लिहिला आहे, तिथे "एरवी सहाच असतो" म्हणून महिनाभर ढकलू नये. तिसऱ्यानंतर मात्र चित्र पालटतं. उतार मंद होतो आणि पुढचे बूस्टर वर्षभर तग धरण्याइतके बसतात.

मग पुढे सहा महिने की बारा? घोडा कोणाबरोबर ऊठबस करतो त्यावर. जो फिरतो, शर्यतीत किंवा स्पर्धेत उतरतो, किंवा ज्याच्या शेजारच्या खणात सतत नवे घोडे येत-जात राहतात, त्याला सहा महिने. जो बाहेर जात नाही आणि ज्याच्याकडे बाहेरचं कोणी येत नाही, त्याला बारा पुरतात. लोक यातलं दुसरं अर्धं वाक्य विसरतात. स्वतः न फिरणारा म्हातारा घोडा फिरणाऱ्या सहा घोड्यांच्या रांगेत बांधला असेल तर तोही फिरणाराच समजावा. पाच वर्षांखालच्या घोड्यांना आम्ही बारा महिन्यांवर ठेवतच नाही.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचा, म्हणजे एफईआयचा नियम सहा महिने अधिक २१ दिवसांचा आहे. स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचण्याआधीच्या तेवढ्या काळात बूस्टर झालेला पाहिजे, आणि पोहोचण्याआधीच्या सात दिवसांत कोणताही डोस दिलेला नको. या दोन अटींच्या मध्ये माणसं अडकतात. समजा बूस्टर १० मार्चला झाला. सहा महिने म्हणजे १० सप्टेंबर, त्यावर २१ दिवस म्हणजे १ ऑक्टोबर. घोडा ५ ऑक्टोबरला पोहोचणार असेल तर जुना डोस चालत नाही, नवा हवा. तो आठवण झाली म्हणून ३० सप्टेंबरला टोचला, तर सात दिवसांची अट आडवी येते. घोडा निरोगी, लस ताजी, आणि प्रवेश नाही. आम्ही एकवीस दिवसांची सवलत हिशेबात धरतच नाही. साडेपाच महिन्यांवर खूण करतो, ती सवलत अडचणीसाठी राखून ठेवतो. शिवाय स्पर्धेपूर्वी किमान दोन आठवडे मोकळे सोडतो, कारण बूस्टरचा पूर्ण फायदा तेवढ्यानेच मिळतो आणि मान आखडली असेल तर सुटायलाही वेळ राहतो.

बाटलीत काय आहे हेही बघावं लागतं. आज घोड्यांत फिरतो तो एच३एन८ विषाणू, आणि त्यातही फ्लोरिडा गटाचे क्लेड १ आणि क्लेड २, म्हणजे त्या गटाच्या दोन उपशाखा. जागतिक पशुआरोग्य संघटनेची शिफारस आहे की लशीत दोन्ही क्लेडचे प्रतिनिधी असावेत. जुना एच७एन७ प्रकार १९७० च्या दशकाअखेरीपासून प्रत्यक्ष आजारात दिसलेला नाही, त्यामुळे लशीत तो असल्याने काही मिळत नाही. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला लस घेतलेल्या शर्यतीच्या घोड्यांतही फ्लू पसरला. फेब्रुवारी २०१९ मध्ये लस घेतलेले घोडे बाधित निघाल्यावर ब्रिटनमधल्या शर्यती सहा दिवस बंद ठेवाव्या लागल्या. लस निरुपयोगी होती असा याचा अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये, जिथे घोड्यांना ही लस दिलीच जात नव्हती, तिथे हा विषाणू शिरल्यावर काय झालं ते समोर आहे. हजारो जागांवर घोडे आजारी पडले. तिथे कॅनरीपॉक्स या पक्ष्यांच्या विषाणूवर बांधलेली लस वापरली गेली. तिच्यात विषाणूचं फक्त एक प्रथिन असल्याने लस घेतलेला आणि खरोखर संसर्ग झालेला घोडा रक्ततपासणीत वेगळा ओळखता येत होता. साथ आवरायला ते फार कामाला आलं.

मेलेल्या विषाणूची लस, कॅनरीपॉक्सची लस आणि नाकात सोडायची जिवंत लस यांची वेळापत्रकं वेगळी असतात. पहिल्या दोन मानेत टोचायच्या, तीन डोसांनी पाया. नाकातली एकाच डोसात काम करते आणि लवकर करते, पण ती सगळीकडे मिळत नाही आणि गाभण घोडीला देत नाहीत. मालिका एका प्रकाराने सुरू करून मध्येच दुसऱ्यावर उडी मारायची नाही, निदान पहिले तीन डोस तरी एकाच लशीचे ठेवावेत. आणखी एक: फ्लू आणि धनुर्वात एकत्र असलेली बाटली सोयीची असली तरी ती दर सहा महिन्यांनी देण्याचं कारण नाही. मध्ये मध्ये नुसत्या फ्लूची द्यावी. धनुर्वाताचा भाग वारंवार गेला की मानेला सूज येण्याचे प्रकार वाढतात असा आमचा अंदाज आहे.

शिंगराचं गणित आईपासून सुरू होतं. गाभण घोडीला व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी बूस्टर दिला की अँटिबॉडी चिकात उतरतात. शिंगराची आतडी त्या फक्त पहिल्या चोवीस तासांत शोषून घेतात, आणि त्यातलेही पहिले काही तास सोन्याचे. चिकातून आलेलं हे संरक्षण जितकं भरघोस, तितकी शिंगराची स्वतःची लस उशिरा बसते. आईच्या अँटिबॉडी लशीला आतच गाठून निकामी करतात. तीन महिन्यांच्या शिंगराला उत्साहाने टोचलेला फ्लूचा डोस नुसता वाया जात नाही, पुढचा प्रतिसादही तो मंदावू शकतो. सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय फ्लूची सुई काढायची नाही. मग चार ते सहा आठवड्यांनी दुसरा, आणि दहा ते बारा महिन्यांच्या वयात तिसरा. दूध तोडणं, नाल ठोकणं आणि लस ही तिन्ही एकाच आठवड्यात उरकू नयेत. शिंगरू ताणात असताना दिलेली लस अर्धीच बसते.

हर्पिसमध्ये वेगळाच खेळ. ईएचव्ही-१ आणि ईएचव्ही-४ हे दोन विषाणू लहानपणीच शिरतात आणि आयुष्यभर शरीरात दबा धरून बसतात. लांबचा प्रवास, आजार, जागाबदल झाला की जागे होतात. त्यामुळे इथे लशीकडून रोग हद्दपार होईल अशी अपेक्षा ठेवायची नाही. श्वसनाचा त्रास सौम्य होतो, नाकातून पडणारा विषाणू कमी होतो, एवढंच तिचं काम. मज्जासंस्थेवर जाणारा प्रकार, ज्यात घोडा मागच्या पायांनी डगमगतो आणि लघवी अडकते, तो लस घेतलेल्या घोड्यालाही होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सियाच्या स्पर्धेत ईएचव्ही-१ पसरला, घोडे दगावले, आणि युरोपातल्या पुढच्या स्पर्धा रद्द कराव्या लागल्या.

इथलं संरक्षण आणखी अल्पजीवी असतं, तीन ते सहा महिन्यांचं. पाच वर्षांखालचे, फिरणारे आणि गाभण घोड्यांच्या सहवासातले घोडे, यांना सहा महिन्यांनी एक डोस देतो. शिंगरांना चार ते सहा महिन्यांच्या वयात सुरुवात करून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन डोस. गाभण घोडीला पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात, आणि तेही गर्भपाताविरुद्ध मान्यता असलेल्याच लशीचे. श्वसनासाठीची हर्पिसची बाटली आणि गर्भपातासाठीची बाटली एकच असते असं समजून जे मिळेल ते टोचलं जातं, ही चूक वरचेवर दिसते. पत्रक वाचल्याशिवाय ती पकडता येत नाही. साथीच्या बातमीने घाबरून दोन-दोन महिन्यांनी हर्पिसचे डोस देणारे भेटतात. सहा महिन्यांच्या आत नीट डोस झालेला असेल तर त्यातून काही हाती लागत नाही.

स्ट्रँगल्स हा जिवाणूचा रोग, स्ट्रेप्टोकॉकस इक्वायचा. जबड्याखालच्या गाठी सुजून पिकतात आणि फुटतात. ही लस आम्ही सरसकट देत नाही. जिथे रोग वारंवार येतो किंवा घोड्यांची ये-जा फार आहे, तिथेच. टोचायची नवी प्रथिनांवर आधारलेली लस चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा देतात. तिचं सिद्ध झालेलं संरक्षण जेमतेम दोन महिन्यांचं आहे, म्हणून ती धोक्याच्या काळाच्या तोंडाशी द्यायची. नाकात सोडायची जिवंत लस द्यायची असेल तर त्या दिवशीच्या बाकी सगळ्या सुया आधी, ही सर्वांत शेवटी, आणि जमलं तर वेगळ्याच दिवशी. थेंब सोडला की घोडा फुरफुरतो. तुषार हातावर, बाहीवर, मानेवर उडतात. त्यानंतर त्याच हाताने मानेत सुई टोचली तर जिवंत जिवाणू स्नायूत जातो आणि काही दिवसांत तिथे मोठं गळू उठतं. नुकताच स्ट्रँगल्स होऊन गेलेल्या किंवा साथीत आधीच सापडलेल्या घोड्याला ही लस देऊ नये. आधीच अँटिबॉडी भरपूर असताना आणखी चिथावणी दिली की रक्तवाहिन्यांना सूज येऊन पाय आणि पोटाखालचा भाग फुगणारा पर्प्युरा होऊ शकतो. शंका असेल तर आधी रक्तातली एसईएम अँटिबॉडी, म्हणजे या जिवाणूच्या एका प्रथिनाविरुद्धची, मोजून घ्यावी. १:३२०० किंवा जास्त आली तर लस नाही.

प्रत्यक्ष टोचण्याच्या दिवशी सुरुवात थर्मामीटरने होते. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे नेहमीचं. त्यावर असेल तर लस पुढे ढकलायची, मग तारीख कितीही जवळ येवो. बाटल्या २ ते ८ अंशांत. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेली बाटली गोठते, आणि एकदा गोठलेली लस वितळल्यावर दिसायला तशीच दिसली तरी अ‍ॅडज्युव्हंटची, म्हणजे लशीचा जोर वाढवणाऱ्या घटकाची, घडी मोडलेली असते. शीतपेटीत बर्फाच्या लादीला बाटली थेट चिकटू द्यायची नाही, मध्ये फडकं घालायचं. भरण्याआधी बाटली हलक्या हाताने फिरवून एकजीव करायची. डोस कोणाचा १ मिली तर कोणाचा २ मिली. अर्धा डोस म्हणजे अर्धं संरक्षण असं नसतं, आणि लहान चणीच्या घोड्याला कमी द्यायचा हेही नसतं.

जागा मानेची. वर आयाळीखालचा जाड पट्टा, खाली मणक्यांची रांग, मागे खांद्याचा फरा, या तिघांच्या मधला त्रिकोण. तळहात फऱ्याच्या पुढच्या कडेला टेकवला की तो बरोबर तिथे बसतो. फार वर गेलं तर लस चरबीत आणि पट्ट्यात अडकते, फार खाली गेलं तर मणका. १८ किंवा २० गेजची दीड इंची सुई, प्रत्येक घोड्याला नवी. सुई एकटी आधी बसवायची, मग सिरिंज जोडून दट्ट्या मागे ओढायचा. रक्त आलं तर काढून जागा बदलायची. दोन लशी असतील तर मानेच्या दोन बाजू, आणि कोणती कुठे ते लिहून ठेवायचं. उद्या एका बाजूला गाठ आली तर कोणत्या लशीने आली ते त्याशिवाय कळत नाही.

टोचल्यावर अर्धा तास मोतद्दाराने घोड्याजवळच थांबायचं. अंगावर गांधी, घाम, धाप दिसली तर डॉक्टर आणि अ‍ॅड्रिनलिन जवळ हवं. असं क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांत होतं. नेहमीचं म्हणजे दुसऱ्या दिवशी मान आखडणं. घोडा सुस्त दिसतो, गवत खात नाही, आणि माणसं पोटदुखी समजून धावपळ करतात. बऱ्याचदा त्याला फक्त मान खाली नेता येत नसते. चारा-पाणी छातीच्या उंचीला टांगा, लगेच खायला लागतो. एक-दोन दिवस किंचित ताप चालतो. दोन-तीन दिवस हलकं चालवायचं, घाम काढणारं काम नाही. ४८ तासांनंतरही ताप असेल तर तो लशीचा नाही असं समजून नाकातला नमुना पीसीआरला पाठवावा.

साथ शेजारी आली असेल तर आधी सगळ्या घोड्यांचं तापमान दिवसातून दोनदा, मग ज्यांचा फ्लूचा डोस सहा महिन्यांहून जुना आहे आणि अंगात ताप नाही त्यांना बूस्टर. तापलेल्याला लस नाही. आजारी पडलेल्याला तापाच्या प्रत्येक दिवसामागे एक आठवडा विश्रांती, आणि ताप एकच दिवस असला तरी किमान तीन आठवडे. श्वासनलिकेच्या अस्तरावरची झडलेली बारीक लव पुन्हा उगवायला तेवढा वेळ लागतोच. नव्या घोड्याला १४ दिवस वेगळ्या खणात, वेगळ्या बादल्या आणि वेगळा खरारा. त्याला घरच्या घोड्यांनंतर हात लावायचा, आधी नाही.

बूस्टरची तारीख नेमकी या विश्रांतीच्या काळात पडली तर घोडा बरा होईपर्यंत थांबतो. फ्लू होऊन गेला असला तरी पासपोर्टात ते धरलं जात नाही. २१ दिवसांच्या सवलतीतही बसलं नाही, तर स्पर्धा घेणाऱ्या संघटनेला आधी विचारतो, आणि तिने नाही म्हटलं तर पहिला डोस त्याच आठवड्यात देऊन मालिका नव्याने सुरू करतो.